‘रेकमेंडेड’ कोर्स ऑप्शनला टाकायचा की घ्यायचा? अमेरिकेतल्या मेडिकल ॲडमिशनबद्दल थोडं सविस्तर

शाळेत असताना आपण सगळ्यांनीच कुठला ना कुठला धडा ऑप्शनला टाकलेला आहे. ‘कोणतेही चार सोडवा’ असं असलं की पाचवा कोण करतंय. त्यामुळे ऑप्शनल म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते म्हणजे सोडला तरी चालतंय. आणि त्याच घरात आजीपासून सगळे सांगत असायचे की जास्तीचं शिकलेलं कधी वाया जात नाही. ही दोन्ही वाक्यं आपण सोबत घेऊन अमेरिकेत आलो आणि आता आपली मुलं मेडिकलच्या मागे लागली की नेमका ह्याच दोन वाक्यांमध्ये गोंधळ होतो.

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला, ओहायोत शिकते, कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलंय. पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन उघडलं होतं आणि तिने एक मोठी एक्सेल शीट केली होती, बावीस मेडिकल स्कूल्स उभ्या आणि कोर्सेस आडवे, जिथे ‘रिक्वायर्ड’ तिथे लाल आणि जिथे ‘रेकमेंडेड’ तिथे पिवळा रंग. लाल तर सगळे होणारच होते पण पिवळे मोजले तर अकरा कोर्स निघाले, जेनेटिक्स, स्टॅटिस्टिक्स, सेल बायोलॉजी, इम्युनॉलॉजी, ॲनाटॉमी, सोशिऑलॉजी, एथिक्स, स्पॅनिश असं काय काय, आणि रिकाम्या जागा दोनच. मला म्हणाली, “मावशी, हे नाही केले तर माझं ॲप्लिकेशन कच्चं दिसेल का गं?”

माझी लेक ह्या सगळ्यातून गेलीये आणि त्यात आमच्या हातून एक चूकही झाली, ती पुढे सांगते. पण उत्तर आधी देऊन टाकते. रेकमेंडेड कोर्स घेतला म्हणून, केवळ घेतला म्हणून, ॲप्लिकेशन मजबूत होत नाही. तो कोर्स तुमच्या मुलाबद्दलच्या एखाद्या खऱ्या शंकेचं उत्तर देत असेल किंवा एमकॅटला, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला, उपयोगी पडत असेल किंवा त्याला मनापासून करायचा असेल तर होते, आणि चांगलीच होते. ह्यातलं काहीच नसेल तर तो ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या मार्कशीटवर, एक ओळ वाढवतो, बस.

आता भारतातले नातेवाईक पण हे वाचतील म्हणून थोडं मागून सांगते. आपल्याकडे बारावी, मग नीट, ७२० पैकी मार्क, त्यावरून रँक, आणि सीईटी सेलची लिस्ट. बारावीचे फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजीचे मार्क किमान इतके हवेत एवढंच बघतात, ओपनला ५० टक्के. तुम्ही अकरावीत कुठला जास्तीचा विषय घेतला होता हे लिस्ट लावणाऱ्या कॉम्प्युटरला माहीतही नसतं. अमेरिकेत तसं नाही. इथे आधी चार वर्षांची डिग्री आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. प्री-मेड नावाची डिग्री बहुतेक कॉलेजात नसतेच, तो फक्त एक रस्ता आहे, तुम्ही इतिहास घेऊन शिका नाहीतर कॉम्प्युटर सायन्स, ठरावीक विषय पूर्ण केलेले असले की अर्ज करता येतो. अर्ज बहुतेक एमडी स्कूल्सना (इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच डिग्री) एकाच ठिकाणाहून जातो, त्याला एमकॅस म्हणतात. गेल्या काही वर्षांत ह्या मार्गाने दरवर्षी साधारण ५२ हजार मुलं अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना ॲडमिशन मिळते, म्हणजे निम्म्याहून कमी. जे घेतले जातात त्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची ४ पैकी सरासरी, ३.७५ च्या वर आणि एमकॅट ५११-५१२ च्या आसपास असतो. एमकॅटचा स्केल विचित्र आहे, ४७२ पासून ५२८ पर्यंत, मधला आकडा ५००.

म्हणजे अर्ज करणारी सगळीच मुलं हुशार. अशा ठिकाणी आईवडिलांना वाटणारच की अजून काहीतरी जोडूया, अजून एक कोर्स, अजून एक सर्टिफिकेट. ही काळजी खोटी नाहीये, मला पण वाटायची. फक्त ती कुठे लावायची हे कळायला हवं.

रिक्वायर्ड म्हणजे काय ते सरळ आहे. तो कोर्स मेडिकल स्कूल सुरू व्हायच्या आत झालाच पाहिजे, नाहीतर मिळालेली ॲडमिशनसुद्धा जाऊ शकते. साधारणपणे एक वर्ष बायोलॉजी लॅबसकट, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑर्गॅनिक केमिस्ट्री जिला मुलं ऑर्गो म्हणतात, एक वर्ष फिजिक्स, आता बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, आणि थोडं इंग्लिश आणि गणित. पण प्रत्येक स्कूलचं वेगळं असतं हे लक्षात ठेवा, टेक्सासमध्ये स्टॅटिस्टिक्स बहुतेक ठिकाणी लागतंच आणि दुसऱ्या राज्यात तेच रेकमेंडेड असतं.

रेकमेंडेड हा शब्द कुठून आला ते समजलं की निम्मा गोंधळ जातो. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या माणसाचा अमेरिकेतल्या मेडिकल शिक्षणावरचा रिपोर्ट आला, त्याआधी इथे अगदी कशीही, पैसे भरले की डॉक्टर करून देणारी कॉलेजं होती, आणि त्याने सांगितलं की मेडिकलला येण्याआधी मुलाचं किमान दोन वर्षं कॉलेज झालेलं हवं आणि त्यात केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स हवं. ते विषय जवळजवळ शंभर वर्षं तसेच चालू राहिले. मग २००९ मध्ये मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट ह्यांनी मिळून एक रिपोर्ट काढला, त्यात साधारण असं होतं की कोर्सची नावं मोजण्यापेक्षा मुलाला काय येतं ते बघा. त्यानंतर काही स्कूल्सनी रिक्वायर्डची यादी कमी केली किंवा काढूनच टाकली. स्टॅनफर्डच्या मेडिकल स्कूलची सक्तीच्या कोर्सची यादीच नाहीये, पण कुठली तयारी असावी ते ते सुचवतात.

म्हणजे बघा, बऱ्याच ठिकाणी रेकमेंडेड लिहिण्यामागचा हेतू दार उघडायचा होता. एखादा मुलगा संगीत शिकून आला, किंवा नोकरी करत करत छोट्या कॉलेजातून शिकला जिथे इम्युनॉलॉजीचा कोर्सच नाही, त्याला अडवू नये म्हणून. आणि आपण तीच यादी घरी आणून दाराला आडवा बांबू लावतो की हे अकरा झाल्याशिवाय आत जायचंच नाही. भाचीला मी हेच सांगितलं, जी गोष्ट तुझ्यासाठी सैल केलीये ती तूच घट्ट करून घेतेयस.

ह्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ च्या सुमारास एक प्रोग्राम सुरू केला, साहित्य वगैरे शिकणाऱ्या मुलांना कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांतच मेडिकलची जागा द्यायची, ऑर्गो नको, फिजिक्स नको, एमकॅटसुद्धा नको. २०१० मध्ये त्या मुलांवरचा अभ्यास छापून आला आणि मेडिकल स्कूलमध्ये एकूण त्यांचं काम नेहमीच्या रस्त्याने आलेल्या मुलांच्या बरोबरीचं होतं. आता ह्याचा अर्थ सायन्स सोडून द्या असा नाही, ती मुलं निवडून घेतलेली होती आणि त्यांना आधारही दिला जायचा. पण कोर्सची यादी जितकी लांब तितका डॉक्टर चांगला हे काही सिद्ध झालेलं नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

बरं, मग फाईल वाचणाऱ्याला प्रत्यक्ष दिसतं काय? एमकॅसच्या अर्जात मुलाला स्वतःच्या ट्रान्स्क्रिप्टवरचा एकेक कोर्स हाताने भरावा लागतो, नाव, नंबर, क्रेडिट, ग्रेड, आणि तो कुठल्या गटात बसतो ते. माझी लेक मे महिन्यात डायनिंग टेबलवर बसून दोन रात्री हेच करत होती, एका बाजूला कॉलेजचा सीलबंद ट्रान्स्क्रिप्टचा कागद फोडून ठेवलेला आणि एका बाजूला लॅपटॉप, आणि मी ओळीवर पट्टी धरून वाचून दाखवत होते कारण एक क्रेडिट चुकलं तरी एमकॅसवाले तपासताना पकडतात आणि अर्ज परत पाठवू शकतात. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या फॉर्ममध्ये ‘हा कोर्स अमुक स्कूलने रेकमेंड केलेला आहे’ असा रकानाच नाही. जेनेटिक्स तिथे फक्त बायोलॉजी म्हणून जातं, स्टॅटिस्टिक्स गणित म्हणून जातं. मग एमकॅस दोन मुख्य आकडे काढतं, एकूण जीपीए आणि सायन्सचा जीपीए, ज्यात बायोलॉजी केमिस्ट्री फिजिक्स आणि गणित येतं. सायकॉलॉजी सोशिऑलॉजी त्या सायन्सच्या आकड्यात धरत नाहीत. आणि कोर्स रिपीट केला तर जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात, हे आपल्या एटीकेटीच्या सवयीमुळे बऱ्याच जणांना धक्का देतं.

म्हणजे रेकमेंडेड कोर्सचं वजन त्याच्या नावात नाहीये, त्याच्या ग्रेडमध्ये आहे आणि त्या ग्रेडच्या आजूबाजूला काय चाललंय त्यात आहे. आता हे आकड्यात करून बघू, मी भाचीबरोबर फोनवर हेच केलं. ए म्हणजे ४ आणि सी म्हणजे २ धरतात. समजा मुलाचे ९० क्रेडिट झालेत आणि जीपीए ३.६० आहे. चार क्रेडिटचा एक जास्तीचा कोर्स घेतला आणि ए मिळाला, तर जीपीए होतो ३.६२ च्या आसपास. सी मिळाला तर ३.५३. म्हणजे ए ने चढतो जेमतेम दोन शतांश आणि सी ने उतरतो जवळजवळ सात. चार असे कोर्स घेऊन चारही ए मिळवले, म्हणजे अख्खं एक सेमिस्टर, तरी ३.६६. जीपीए वाढवायला म्हणून जास्तीचे कोर्स घेणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करून बघाच.

पण हाच हिशोब दुसऱ्या मुलासाठी वेगळा निघतो आणि इथेच खरी मेख आहे. समजा मुलाचे सायन्सचे फक्त ४० क्रेडिट झालेत आणि सायन्सचा जीपीए ३.४० आहे, कारण पहिल्या वर्षी घर सोडून राहायला गेला, केमिस्ट्रीत सी प्लस आला, रडला, सावरला. आता त्याने जेनेटिक्स आणि सेल बायोलॉजी हे वरच्या लेव्हलचे दोन कोर्स घेतले आणि दोन्हीत ए काढला तर आकडा ३.५० होतो, पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात जी शंका असते, ह्या मुलाला मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास झेपेल का, तिला पुरावा मिळतो. ह्या मुलाने जरूर घ्यावेत. शक्य असतील तर आणखी घ्यावेत. ह्याच्यासाठी ते कोर्स नावाला ऑप्शनल आहेत.

दुसरा असाच मुलगा म्हणजे ज्याने हायस्कूलमध्ये एपी (शाळेतच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) बायोलॉजी एपी केमिस्ट्री करून कॉलेजात क्रेडिट घेतलं आणि सुरुवातीचे कोर्स सोडून दिले. आपल्या मराठी घरांत हे फार होतं, एपी जितके जास्त तितकी शाबासकी. पण काही मेडिकल स्कूल्स एपी क्रेडिट धरत नाहीत, आणि काही म्हणतात की धरू पण त्याच विषयातला वरचा कोर्स कॉलेजात केलेला दाखवा. अशा मुलाच्या ट्रान्स्क्रिप्टवर बायोलॉजीत कॉलेजची एकच ग्रेड दिसत असेल तर रेकमेंडेड बायोलॉजी कोर्स त्याच्यासाठी रिक्वायर्डसारखाच समजा.

तिसरी गोष्ट एमकॅट. २०१५ मध्ये ही परीक्षा बदलली आणि तेव्हापासून बायोकेमिस्ट्री तिच्यात बरीच मुरली. बायोलॉजीच्या सेक्शनमध्ये साधारण २५ टक्के आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या सेक्शनमध्ये पण साधारण २५ टक्के प्रश्न पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीवर. म्हणून एखाद्या स्कूलने बायोकेम नुसतं रेकमेंडेड लिहिलं असलं तरी मी म्हणेन घ्या, आणि एमकॅटच्या आधी घ्या. चौथा सेक्शन आहे मन आणि समाज ह्यावरचा, त्यात ६५ टक्के सायकॉलॉजी आणि ३० टक्के सोशिऑलॉजी. त्यासाठी कोर्सच हवा असं नाही, पुस्तक घेऊन दोन महिन्यात होतं, माझ्या लेकीने सोशिऑलॉजी घरीच केलं. पण ज्या मुलाला वाचून लक्षात राहत नाही, वर्गात ऐकलं तरच राहतं, त्याने सायकॉलॉजी घ्यावं, दोन कामं एकात होतात. स्टॅटिस्टिक्सचं मी सगळ्यांनाच सांगते. एमकॅटमध्ये अख्खे प्रश्न तक्ते आणि आलेख वाचण्यावर असतात, रिसर्च करताना लागतं, आणि पुढे डॉक्टर झाल्यावर कुठलं औषध खरंच चालतं आणि कुठलं नुसतं चालल्यासारखं दिसतं हे ओळखायला लागतं. सायन्सच्या जीपीएत पण धरतात.

आणखी एक फायदा आहे जो शीटमध्ये दिसत नाही. सुरुवातीच्या बायोलॉजीच्या वर्गात तीनशे मुलं असतात, प्रोफेसरला तुमचं नाव माहीत नसतं. वरच्या लेव्हलच्या ऑप्शनल कोर्सला पंधरावीस जण असतात, प्रोफेसर नावाने हाक मारतात, ऑफिस अवर्सला बसून बोलता येतं, आणि नंतर शिफारसपत्र लागतं तेव्हा त्यात खरं काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्या लेकीचं सगळ्यात चांगलं पत्र एथिक्सच्या छोट्या वर्गातल्या प्रोफेसरनी दिलं. तो कोर्स तिने कुणी रेकमेंड केला म्हणून घेतला नव्हता. तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, नाशिकला शेवटच्या दिवसांत व्हेंटिलेटरवर होत्या आणि घरात सगळ्यांचं आपसात पटत नव्हतं की ठेवायचं की काढायचं, ते ती अमेरिकेतून फोनवर ऐकत होती आणि तिला हा प्रश्न समजून घ्यायचा होता. इंटरव्ह्यूला तिला दोन ठिकाणी ह्याच कोर्सबद्दल विचारलं आणि ती न थांबता बोलली. कोर्सने ॲप्लिकेशन मजबूत होतं म्हणतात ते असं होतं.

आता आमची चूक. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला तिने बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, जेनेटिक्स आणि ॲनाटॉमी एकदम घेतले. पहिले दोन गरजेचे होते, पुढचे दोन यादीत पिवळे होते. कॉलेजच्या ॲडव्हायझरने सांगितलं की होईल मॅनेज, आणि मी पण म्हटलं की घे गं, जास्तीचं कधी वाया जात नाही. ऑक्टोबरपर्यंत ती रात्री दोनला झोपायला लागली. दर रविवारी ती एका वृद्धाश्रमात जायची, तिथल्या एका आजोबांना वाचून दाखवायची, ते आधी पंधरा दिवसांनी झालं आणि मग बंदच. सेमिस्टरच्या शेवटी ॲनाटॉमीत ए आला, जेनेटिक्समध्ये बी प्लस, आणि बायोकेममध्ये, जो कोर्स खरा गरजेचा होता त्यात, बी मायनस. ती ख्रिसमसच्या सुट्टीत घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, “आई, मी ॲनाटॉमीसाठी बायोकेम घालवलं.” मला अजून तो स्वर आठवतो. आणि ॲनाटॉमी तर मेडिकलच्या पहिल्या वर्षात नव्याने, खूप खोलात जाऊन शिकवतातच.

वृद्धाश्रमाचं जाणं बंद झालं त्याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण पेशंटजवळ बसायची सवय, दवाखान्यात काम बघणं, कुणाची तरी नियमित मदत करणं ह्या गोष्टी ॲडमिशन कमिटी मनापासून बघते, नीट-सीईटीच्या जगातून आलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागतो. जीपीए आणि एमकॅट ठीक असलेला मुलगा इंटरव्ह्यूला पोचला की पुढे माणूस म्हणून तो कसा आहे, पत्रं काय म्हणतात, बोलतो कसा, ह्यावर बरंच ठरतं. आठवड्याचे तास तेवढेच असतात हो. चार क्रेडिटच्या लॅबवाल्या कोर्सला लेक्चर, लॅब, रिपोर्ट, अभ्यास सगळं धरून आठवड्याला दहाबारा तास सहज जातात. ते तास कुठून येणार आहेत हे कोर्स घ्यायच्या आधी कॅलेंडर उघडून बघा. रविवारच्या आजोबांकडून येणार असतील तर नका घेऊ.

वेळेचा अजून एक मुद्दा आहे जो फार कमी जणांना माहीत असतो. गॅप इयर, म्हणजे कॉलेज आणि मेडिकलच्या मधलं मोकळं वर्ष, न घेता सरळ जायचं असेल तर अर्ज तिसरं वर्ष संपता संपता, जूनच्या सुमारास जातो. मग चौथ्या वर्षी घेतलेला कोर्स अर्जात कसा दिसतो? ‘पुढे घेणार’ म्हणून, ग्रेडशिवाय. वाचणाऱ्याला कळतं की घेणार आहे पण कसा केला ते कळत नाही, आणि एमकॅस आपणहून नंतरच्या ग्रेड कळवत नाही. म्हणजे ज्या शंकेचं उत्तर द्यायचंय तो कोर्स तिसऱ्या वर्षाच्या आत हवा, नाहीतर गॅप इयरचा विचार करावा, जो आता इथे खूप मुलं करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. आणि अर्जात लिहिलेला कोर्स नंतर सोडला तर स्कूल्सना कळवायला लागतं, उगाच शोभेला लिहू नका.

भारतातून बीएससी, बीफार्म वगैरे करून इथे आलेल्या आणि मग मेडिकलकडे वळणाऱ्या मुलांचं चित्र थोडं निराळं आहे, पुण्या-मुंबईहून आलेली अशी मुलं मला दरवर्षी भेटतात. एमकॅस परदेशातल्या ग्रेड जीपीएत धरत नाही आणि बहुतेक स्कूल्सना इथल्या कॉलेजातला अभ्यास हवा असतो. त्यांच्यासाठी इथे घेतलेला प्रत्येक सायन्स कोर्स, मग तो रिक्वायर्ड असो की रेकमेंडेड, म्हणजे त्यांचा इथला सगळा पुरावाच. त्यांनी हात आखडू नये. शिवाय एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर आधी हे बघा की कुठल्या स्कूल्स इंटरनॅशनल मुलांना घेतात, कारण खूप कमी घेतात, कोर्सची यादी त्यानंतर.

भाषेचं पण सांगते. स्पॅनिश बऱ्याच ठिकाणी सुचवलेलं असतं आणि उपयोगाचं आहेच, इथे कितीतरी पेशंट स्पॅनिश बोलणारे. पण एक सेमिस्टर करून ‘मला येतं’ म्हणण्यात अर्थ नाही, करायचं तर बोलता येईपर्यंत करा. आणि एमकॅसच्या अर्जात येणाऱ्या भाषा लिहायची जागा असते, तिथे मराठी लिहायला मुलं लाजतात. लिहा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मुलांकडे राहायला आलेल्या आजीला दुखणं मराठीत सांगता आलं तर किती बरं वाटतं ते मी पाहिलंय. मात्र जेवढी येते तेवढीच लिहा, कारण इंटरव्ह्यूला समोर मराठी माणूस बसू शकतो.

तपासायचं कसं, तर एएएमसीचं एमसार नावाचं ऑनलाइन साधन आहे, वर्षाची थोडी फी आहे पण ती द्यावी, त्यात प्रत्येक स्कूलचं रिक्वायर्ड आणि रेकमेंडेड वेगळं दिलेलं असतं. मग त्या स्कूलच्या स्वतःच्या साइटवर जाऊन वाचा कारण तिथे शब्द नीट कळतात. ‘यातून फायदा होईल’ आणि ‘आम्ही आग्रहाने सुचवतो’ ह्यात फरक आहे. आग्रहाने असेल आणि ते स्कूल तुमच्या यादीत वरचं असेल तर मी तो कोर्स जवळजवळ सक्तीचाच धरते. शंका असेल तर ॲडमिशन ऑफिसला मुलाने स्वतः चार ओळींचा ईमेल करावा, आईवडिलांनी नको, “मी हे हे केलंय, हा कोर्स आमच्या कॉलेजात नाही, चालेल का” एवढंच. उत्तरं बहुतेकदा येतात.

भाचीचं त्या दिवशी असं ठरलं. तिच्या शीटमधले पिवळे कोर्स आम्ही एकेक करून वाचले आणि प्रत्येकापुढे तिला विचारलं की हा नसेल तर तुझ्याबद्दल कुणाला काय शंका येईल. ॲनाटॉमीपुढे तिला काही सुचेना. इम्युनॉलॉजीपुढे पण नाही. जेनेटिक्सपुढे ती जरा थांबली आणि म्हणाली की मावशी, पहिल्या सेमिस्टरला बायोत बी मायनस आहे ना माझा. मग जेनेटिक्स राहिलं. स्टॅटिस्टिक्स राहिलं, बावीसपैकी तीन स्कूल्समध्ये ते लालच होतं, तिने चुकून पिवळं रंगवलं होतं. बायोकेम पुढच्या वर्षी जानेवारीत, एमकॅटच्या आधी. मंगळवारी संध्याकाळी ती एका फ्री क्लिनिकमध्ये पेशंटची माहिती लिहून घ्यायला जाते, जेनेटिक्सच्या लॅबचा एक सेक्शन नेमका मंगळवारी संध्याकाळी होता, तो सोडून तिने शुक्रवारी सकाळी आठचा घेतला. सकाळी आठला उठायचं तिला अजिबात आवडत नाही, पण मंगळवार मोकळा राहिला.